पहारेकरी कुणी जोडला

चिपकाकूंना कंपनीनं हाकलून दिलं, ही बातमी आमच्या इमारतीत काकू जिना चढून वर येण्याआधीच वर पोहोचली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरनं गॅलरीतून डोळ्यांनी पाहिलं होतं: भर दुपारी काकू टॅक्सीतून उतरल्या, हातात पुठ्ठ्याचा खोका, खोक्यातून डोकावणारी कुंडी, आणि चेहरा असा की काही विचारायची सोय नाही. एवढ्या भांडवलावर कंडक्टरनं काकूंची नोकरी घालवली. तळमजल्यापर्यंत बातमी जाईस्तोवर काकूंनी कंपनीचे नकाशे बाहेर विकल्याचंही ठरून गेलं होतं.

तसं काही नव्हतं. झालं होतं ते उलटंच. काकूंना त्या दिवशी बढती मिळाली होती. अख्ख्या जोडणी विभागाच्या प्रमुख, वरच्या मजल्यावर स्वतःची खोली. जुनं टेबल रिकामं करायचं म्हणून खोका, आणि नव्या खोलीला खिडकी नाही म्हणून कुंडी घरी. संध्याकाळी काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, दारोदार गोड वाटलं. कंडक्टरनं आपला वाटा घेतला, शेजारच्या बंद घराचाही घेतला, आणि 'मी म्हणतच होतो, बाईंचं नशीब उघडणार' असं तोंड भरून सांगितलं.

चेहऱ्याबद्दल मात्र कंडक्टरचं काही चुकलं नव्हतं. बढती मिळालेलं माणूस घरी येऊन कुंडी न्हाणीघरात ठेवतं आणि तिथंच पाटावर बसून राहतं, हे काही बरोबर नाही. काका बाहेरून विचारत राहिले, बरं वाटत नाही का. आतून 'येते' एवढंच आलं.

काकूंची कंपनी यंत्रांच्या चिपा बनवते, म्हणून त्या चिपकाकू; पण त्यांचं काम काय, हे इमारतीत कुणाला धड सांगता येत नसे. काकांचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे त्यांना ते त्यांच्या पद्धतीनं सांगता यायचं. ते म्हणत, माझ्याकडे काच एकाची, फ्रेम दुसऱ्याची, नाकावरची गादी तिसऱ्याची. मी नुसतं बसवतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, चष्मा छान केलात. हिचंही तेच, फक्त हिचं दुकान नखाएवढं.

यात खोटं काही नव्हतं. अख्खी चिप शून्यापासून आता कुणीच रेखाटत बसत नाही. गणितं करणारा भाग एका कंपनीकडून तयार घ्यायचा, लक्षात ठेवणारा दुसरीकडून, आवाज आत घेणारा तिसरीकडून. या तयार भागांना त्यांच्यात ब्लॉक म्हणतात. एकेक ब्लॉक आधी पाच-पंचवीस चिपांमध्ये नांदून आलेला, पारखलेला. काकूंनी ते सगळे एका आराखड्यात आणायचे आणि कुणाची तार कुणाला जायची ते ठरवायचं. काकू स्वतः म्हणायच्या, दहा घरच्या दहा थोरल्या सुना एका स्वयंपाकघरात आणायच्या आणि भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, असलं हे काम. प्रत्येक ब्लॉकबरोबर एक जाडजूड माहितीपत्रक येई. या भागाला काय लागतं, काय चालत नाही, सगळं त्यात. काकू ते ओळ न ओळ वाचत, दोनदा वाचत. परक्याच्या लेकीला घरात घेताना चौकशी नको का, असं त्यांचं म्हणणं.

फक्त एका ब्लॉकचं माहितीपत्रक त्या वाचत नसत. तो ब्लॉक त्यांच्या धाकट्या भावाचा होता.

हा धाकटा काकूंहून बराच लहान. त्याचं बोट धरून काकूंनी त्याला शाळेत नेलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, पुढे आपल्याच कंपनीत चिकटवलंही. पण त्याला दहा सुना सांभाळण्यात रस नव्हता. एकच गोष्ट करीन पण ती अशी करीन की कुणी बोट ठेवू नये, असा त्याचा बाणा. नोकरी सोडून त्यानं सायकलच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली, दोन टेबलं मांडली, आणि तिथं बसून एक ब्लॉक तयार केला. त्याला तो पहारेकरी म्हणायचा.

पहारेकऱ्याचं काम साधं. बाकीच्या चिपनं त्याला थोड्या थोड्या वेळानं कळवत राहायचं की मी जागी आहे, माझं बरं चाललंय. ठरल्या वेळात निरोप आला नाही, तर चिप कुठंतरी अडकली असं समजून पहारेकरी तिला बंद करून पुन्हा सुरू करतो. थांबायचं किती, हे तो चिपमधल्या ठोक्यावरून मोजतो. चिपमध्ये ठोके दोन तऱ्हेचे असतात, एक जलद आणि एक संथ. पहारेकऱ्याला संथ ठोका लागतो. जलद दिला तर तो बिचारा भराभर मोजतो, वेळ संपली समजतो आणि चांगल्या चालत्या चिपला झोपवून उठवतो.

धाकट्याचा पहिला पहारेकरी मोठा हुशार होता. जलद ठोका दिला तरी आतल्या आत तो संथ करून घ्यायचा. काकूंनी तो कितीतरी चिपांमध्ये बसवला होता. मग धाकट्यानं नवी आवृत्ती केली, आकारानं निम्मी. जागा वाचवायला त्यानं ठोका संथ करायची सोय आतून काढून टाकली होती. आता संथ ठोका बाहेरूनच आणून द्यायचा. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत त्यानं तसं लिहिलं होतं, आणि ब्लॉक पाठवल्यावर फोन करून म्हणालाही होता, ताई, या वेळी पत्रक वाच हं. काकू हसल्या होत्या. तुला अक्षरं मी शिकवली, आता तू मला वाचायला सांगतोस होय रे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि ठोक्याची तार नेहमीच्या ठिकाणी, म्हणजे जलद ठोक्याला, जोडून दिली.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीत हे कुणाच्या लक्षात येऊ नये? चिप कारखान्यात जाण्याआधी संगणकावर तिची तालीम घेतात, महिनोन्‌महिने घेतात. पण तालमीत पहारेकऱ्याला सगळेच बंद करून ठेवतात. कारण तालीम फार हळू चालते, आणि हा मध्येच चिप बंद करून सगळ्यांचा दिवस वाया घालवतो. सगळ्यांच्या मते ती शहाणपणाची रीत होती. थोडक्यात, ज्याला राखणीला ठेवलं त्यालाच तालीमभर कुलपात कोंडलं होतं.

ती चिप होती कानाच्या यंत्राची. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, वाटाण्याएवढ्या यंत्रात बसणारी. चिपा तयार होऊन आल्या, आणि पहिली काही यंत्रं कंपनीनं आपल्याच लोकांच्या घरी वापरून बघायला दिली. काकूंच्या घरी ते यंत्र सासूबाईंच्या कानात गेलं.

सासूबाई म्हणजे अख्ख्या इमारतीच्या आजी. कमी ऐकू यायला लागल्यापासून त्यांना माणसांबद्दल बरं वाटू लागलं होतं. यंत्र बसल्यावर पुन्हा सगळं ऐकू आलं आणि त्यांचं मत पुन्हा खाली आलं. पण एक गोष्ट त्यांना उमजेना. एकटं कुणी बोलत असलं की सगळं नीट. चार जण एकदम बोलू लागले की मध्येच क्षणभर सगळं चिडीचूप, मग पुन्हा सुरू. आजींनी त्याचा अर्थ लावला: आपल्याविषयी काहीतरी बोलायचं असलं की ही मंडळी आवाज खाली आणतात. त्यावरून त्यांनी मोठ्या नातसुनेशी दोन दिवस अबोला धरला. ती बिचारी तेव्हा माहेरी होती, हा भाग वेगळा.

त्याच सुमारास एका सुट्टीच्या दिवशी धाकटा जेवायला आला. पानं मांडली होती, काका दुकानातले किस्से सांगत होते, सगळे एकदम हसत-बोलत होते, आणि आजी म्हणाल्या, बघा, पुन्हा गप्प झालात. कुणी गप्प झालं नव्हतं. धाकट्यानं हातातला घास खाली ठेवला. आजींना विचारलं, आता ऐकू येतंय? येतंय. मग त्यानं मुद्दाम काकांना बोलतं केलं, स्वतः बोलत राहिला, आणि बोलता बोलता टेबलाच्या कडेवर एका बोटानं हळूहळू ठोके देत राहिला. आजींचा हात पुन्हा कानाकडे गेला तसं बोट थांबलं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा बघायची त्याला गरज पडली नाही. चार आवाज एकदम आले की चिपचं काम वाढतं, निरोपाला जरा उशीर होतो, आणि घाईनं मोजणारा पहारेकरी तेवढ्यात तिला झोपवतो. आपलं लेकरू कुठं चिमटा बसला की किती वेळात रडतं, हे आईबापाला कळतं, त्यालाही कळलं.

काकू भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्याच वेळी काका रंगात येऊन सांगत होते की गिऱ्हाईकाला एकाचे दोन दिसायला लागले की ते काचेच्या कारखान्याला शिव्या देतं, पण काच कधी चुकत नाही, चुकतो तो बसवणारा. सगळे हसले. धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. मग मान खाली घालून जेवू लागला. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाला, ताई, आजींच्या कानातलं ते यंत्र सध्या काढून ठेव.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन काकूंनी पहिल्यांदा ते माहितीपत्रक उघडलं. पहिलं पान पुरलं.

तोवर इतर घरांतूनही तक्रारी आल्याच होत्या. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. काकूंनी रात्रंदिवस बसून तोडगा शोधलाय, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर तार कुठं चुकली हे माहीत असल्यावर तोडगा सोपा होता. चिप बदलायची गरज नव्हती. चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमच्या चार ओळी बदलून चिपनं पहारेकऱ्याला जास्त घाईघाईनं निरोप द्यायचा, म्हणजे तो शांत राहतो. साहेबांचा जीव भांड्यात पडला. लाखो चिपा भंगारात जाता जाता वाचल्या होत्या. त्यांनी विचारलं, हा पहारेकरी आपण बाहेरून घेतलेला ना? काकू म्हणाल्या, हो. आणि तोच चिप बंद पाडत होता? काकू म्हणाल्या, हो, तोच.

दोन्ही उत्तरं खरी होती. एकेक करून तपासली तर खणखणीत. एकापुढे एक ठेवल्यावर मात्र त्यातून खोटं उभं राहिलं, आणि साहेबांनी ते तसंच्या तसं उचललं. बाहेरच्या ब्लॉकमधला दोष, आमच्या बाईंनी निभावून नेलं. टाळ्या झाल्या. काकूंना वाटलं, आत्ता नको, सगळ्यांसमोर नको. उद्या साहेबांच्या खोलीत जाऊन नीट सांगू. तो उद्या उजाडला तेव्हा साहेबांनीच त्यांना खोलीत बोलावलं आणि बढतीचं सांगितलं. मग खोका, कुंडी आणि टॅक्सी.

चार दिवसांनी धाकट्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुमच्या साहेबांचा फोन होता. माझ्या पहारेकऱ्यात दोष निघाला म्हणाले. तू बघितलंस का?"

"बघते हं," काकू म्हणाल्या.

"बघ. मी थांबतो," तो म्हणाला.

आणि तो खरंच थांबला. या धंद्यात तयार ब्लॉक विकला जातो तो केवळ नावलौकिकावर: आजवर किती चिपांमध्ये बसला आणि कुठं दगा दिला का, एवढंच घेणारा विचारतो. कानाच्या यंत्राची कुजबुज बाहेर जायला फार दिवस लागले नाहीत. ज्या कंपन्या पहारेकरी घ्यायच्या त्यांनी एकेक करून हात आखडता घेतला. धाकट्यानं नुसतं एवढं म्हटलं असतं की जोडणी कशी केली ती दाखवा, तर त्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. पण जोडणी दाखवायची म्हणजे जोडणाऱ्याचं नाव आलं. ते त्याच्या तोंडून येईना. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तो बहिणीच्या फोनची वाट बघत बसला. काकू रोज सकाळी ठरवायच्या, आज. रोज काहीतरी मध्ये यायचं, आणि नाही आलं तर त्या ते आणायच्या. हळूहळू धाकट्याचे फोन काकांच्या फोनवर येऊ लागले. ताई बरी आहे ना, असं तो काकांना विचारायचा. काकांना वाटे, मेहुण्याला आपला लळा लागला.

शेवटी त्यानं खोली सोडली तेव्हा सामान उतरवायला काकू गेल्या होत्या. टेबलाचं एक टोक त्याच्या हातात, एक काकूंच्या. अरुंद जिना, तो खालच्या बाजूला, त्या वरच्या. इतकी जवळ आणि एकमेकांकडे तोंड करून ही भावंडं कित्येक महिन्यांत उभी राहिली नव्हती. काकूंनी बोलायला तोंड उघडलं. त्याच वेळी तो म्हणाला, सांभाळ, इथली पायरी मोडलीय. काकू म्हणाल्या, हो. आणि टेबल खाली आलं. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या गावी वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागला.

इथंच थांबलं असतं तर कदाचित कुणाला कधीच काही कळलं नसतं. पण काकूंच्या धंद्यात नुसते ब्लॉकच पुन्हा पुन्हा वापरतात असं नाही, जोडणीही वापरतात. कानाच्या यंत्राची पुढची चिप करायची ठरली तेव्हा आधीच्या चिपची जोडणी उचलून पुढे न्यायची, यात कुणाला वावगं वाटलं नाही. साहेबांनी बजावलं होतं, या वेळी पहारेकरी मोठ्या, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. तो घेतला. ते काम विभागातल्या एका नव्या इंजिनिअर बाईकडे होतं. तिनं जुना पहारेकरी काढला, नवा बसवला, आणि तारा होत्या तशा ठेवल्या. जुन्या पहारेकऱ्यासाठी बदललेल्या त्या चार ओळी मात्र त्याच्याबरोबरच गेल्या.

काकूंना ती चुकलेली तार माहीत होती. एका बोटाचं काम होतं. पण जोडणीत काहीही बदललं की का बदललं ते लिहावं लागतं, आणि ते लिहायचं काय? नव्या कंपनीचा पहारेकरी आतल्या आत ठोका संथ करून घेत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पत्रक वाचलं असतं तर समजूत टिकली नसती. म्हणून पुन्हा एकदा त्यांनी पत्रक वाचलं नाही, आणि या वेळी ते जाणूनबुजून होतं.

नवी चिप आली. चार जण एकदम बोलले की यंत्र गप्प. साहेबांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. आता बाहेरच्याला नावं ठेवायची सोय नव्हती; तो पहारेकरी अर्ध्या जगात चालत होता. साहेब त्या नव्या बाईकडे वळले. तूच जोडलास ना हा? मी जुनीच जोडणी घेतली, असं ती म्हणाली, आणि ते इतकं हळू की शेजारच्यालाही नीट ऐकू गेलं नसेल.

काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ती जोडणी माझी आहे. आधीच्या चिपचीही माझीच. तेव्हाच्या पहारेकऱ्यात काही दोष नव्हता. मी त्याला चुकीचा ठोका दिला होता, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं."

इतक्या दिवसांचं ओझं ते. काकूंना वाटलं होतं, आता भिंती हलतील. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, बरं, मागचं जाऊ द्या, ही चिप कशी वाचवायची तेवढं बोला. मागचं काय होतं, कुणाचं होतं, कुणाचं काय गेलं, हे कुणी विचारलंही नाही. तो भाऊ आहे हेसुद्धा निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. नव्या बाईनं मात्र बैठक संपल्यावर येऊन काकूंचा हात धरला. काकूंनी तो सोडवून घेतला.

त्या आठवड्यात काकू वजनकाट्याच्या कारखान्यात गेल्या. धाकटा फाटकापाशी आला, बहिणीला कँटीनमध्ये घेऊन गेला, चहा मागवला. काकूंनी सगळं सांगितलं, पत्रकापासून बैठकीपर्यंत, काही न गाळता. तो चहात चमचा फिरवत ऐकत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे गं. आजींच्या कानावरून त्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर ती तुझ्याविरुद्धची तक्रार झाली असती. मला ते तुझ्याकडून ऐकायचं होतं."

काकू म्हणाल्या, आता मी सगळ्या कंपन्यांना स्वतः फोन करते, सांगते की तुझा पहारेकरी निर्दोष आहे. तो समजुतीनं हसला. म्हणाला, तो आता जुना झाला, ताई. त्याच्यापेक्षा लहान, त्याच्यापेक्षा बरे आलेत, कुणी मागायचं नाही. रागावला नव्हता. आजींची चौकशी केली, काकांची केली. कामाची पाळी सुरू व्हायची होती म्हणून उठला, फाटकापर्यंत सोडायला आला, पोहोचल्यावर फोन कर म्हणाला. पाहुणीला म्हणतात तसं म्हणाला, हे काकूंना बसमध्ये बसल्यावर जाणवलं.

परतल्यावर काकू घरी न जाता थेट दुकानात गेल्या. आम्ही दोघं-तिघं तिथं काकांशी गप्पा छाटत बसलो होतो. आमच्या देखतच त्यांनी काकांना सगळं सांगून टाकलं. चहाटळपणा करायची आमची सगळी हौस फिटली. काका बराच वेळ हातातल्या चष्म्याचा स्क्रू पिळत राहिले. मग बायकोची समजूत घालायची म्हणून म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते गं. माझ्या हातून नाही का दांडी वाकडी बसत? आपण परत सरळ करून देतो.

काकू म्हणाल्या, "चूक पहिल्या दिवसापुरती होती. दुसऱ्या दिवसापासून मला माहीत होतं. त्याला चूक म्हणू नका."